रेगेन्सबुर्ग पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी: कुठून सुरुवात करावी, कुठे थांबावं

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात आलेल्या मराठी मंडळींना पहिल्या काही महिन्यांतच कोणीतरी सांगतं, ‘रेगेन्सबुर्ग करून या, एका दिवसात होतं.’ खरं आहे, होतं. पण बहुतेक जण स्टेशनवरून थेट दगडी पुलावर जातात, पुलाशेजारी सॉसेज खातात, कथीड्रलसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. शहर छान वाटतं, कळत मात्र नाही. इथे प्रत्येक शतकाने आपलं काहीतरी मागे ठेवलंय. ते काळाच्या क्रमाने पाहिलं, तर या जागी शहर का वसलं, ते श्रीमंत कसं झालं आणि मग तसंच्या तसं कसं राहिलं, हे चालता चालता उलगडत जातं. म्हणून हा क्रम.

निघण्याआधी

म्युनिकहून रेगेन्सबुर्गला यायला साधारण दीड तास लागतो, न्युरेंबर्गहून तासभर. दोघंतिघं मिळून येणार असाल तर बायर्न तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर प्रवास करता येतो. ते फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच लागू होतं. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, असेल तर वेगळं काही काढायची गरज नाही.

वार विचार करून ठरवा. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. रविवारी दुकानं बंद असतात, पण शाळा सुरू असण्याच्या काळात रविवारी सकाळी दहाच्या प्रार्थनेला कथीड्रलमध्ये मुलांचं प्रसिद्ध गायकवृंद गातं. निवड करायची वेळ आली तर मी रविवारच घेईन. जुन्या टाउन हॉलमधली सभागृहं फक्त गाइडसोबत दाखवतात आणि इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात, त्यामुळे त्यांच्या वेळा आदल्या दिवशीच बघून ठेवा. जुन्या गावात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. मऊ तळाचे बूट घाला आणि बाबागाडी असेल तर मोठ्या चाकांची आणा.

पहिला टप्पा: रोमन छावणी

स्टेशनसमोरच्या माक्सिमिलियनस्ट्रासेने सरळ जुन्या गावाकडे चालत या. बाकीच्या गल्ल्या वाकड्यातिकड्या आणि हा रस्ता मात्र फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ, याला कारण आहे. एप्रिल 1809 मध्ये नेपोलियनच्या फौजेने शहरावर तोफा डागल्या, हा भाग जळाला आणि त्या जागी नव्याने रस्ता आखला गेला. त्याच लढाईत नेपोलियनच्या पायाला गोळी चाटून गेली होती.

तिथून उजवीकडे दाखाउप्लाट्झ लागतो. या चौकातल्या पार्किंगच्या इमारतीत शिरा. बावरू नका, लोक आत जातात. गाड्यांच्या रांगांशेजारी काचेपलीकडे रोमन तटबंदीचा एक तुकडा उभा आहे. चुन्याशिवाय एकावर एक रचलेले भलेमोठे चिरे. समोरच्या ऐतिहासिक संग्रहालयात छावणीच्या पूर्व वेशीवरचा शिलालेख ठेवलाय. त्यावर रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस आणि त्याचा मुलगा कोमोडस यांची नावं आहेत आणि त्यावरूनच छावणीचं वर्ष निश्चित होतं: इ.स. 179. जन्माचा असा दगडी दाखला फार थोड्या शहरांकडे असतो.

छावणी इथेच का? नकाशा काढून डॅन्यूब बघा. जर्मन लोक तिला डोनाउ म्हणतात. काळ्या जंगलातून निघालेली ही नदी ईशान्येकडे चढत येते, रेगेन्सबुर्गला आपल्या सगळ्या प्रवासातलं सर्वांत उत्तरेकडचं टोक गाठते आणि तिथून आग्नेयेकडे वळते. नदी ही रोमन साम्राज्याची हद्द होती. पलीकडच्या जर्मन टोळ्यांनी आधीची छोटी चौकी उद्ध्वस्त केल्यावर मार्कस ऑरेलियसने नदीच्या याच वळणावर तिसरी इटालिका ही अख्खी लीजन आणून बसवली, म्हणजे सुमारे सहा हजार सैनिक. पलीकडच्या काठाला नाब आणि रेगेन या दोन उपनद्या येऊन मिळतात. त्यांच्या खोऱ्यांतून खाली येणाऱ्यांवर नजर ठेवायला याहून चांगली जागा नव्हती.

आता पाच-सात मिनिटं नदीच्या दिशेने चालत उंटर डेन श्विबबोगन या गल्लीत या. इथे पोर्टा प्रेटोरिया आहे, छावणीची नदीकडची वेस. एक कमान आणि शेजारच्या बुरुजाचा भाग, एवढंच उरलंय, आणि तेही नंतरच्या इमारतीच्या भिंतीत. कित्येक शतकं ते गिलाव्याखाली झाकलेलं होतं. 1885 मध्ये इथल्या बिशपच्या ब्रुअरीचं बांधकाम चालू असताना ते उघडं पडलं. ट्रियर शहरातली पोर्टा निग्रा ही रोमन वेस याहून कितीतरी भव्य आहे, पण मला ही वेस जास्त भावते. इथे रोमन दगडावर मध्ययुगीन भिंत आणि त्यावर अलीकडची खिडकी एकाच नजरेत दिसते. दगडाला हात लावून बघा, कोणी अडवत नाही.

दुसरा टप्पा: कथीड्रल

वेशीतून आत आलात की दोन मिनिटांवर सेंट पीटर कथीड्रल आहे. म्हणजे ते छावणीच्या आतच उभं आहे. रोमन गेले तरी तट राहिला. त्या तटाच्या आसऱ्याने बायर्नचे पहिले ड्यूक इथून राज्य करू लागले आणि 739 मध्ये इथे बिशपचं पीठ स्थापन झालं.

आजचं कथीड्रल गॉथिक आहे. 1273 च्या आगीत आधीचं चर्च जळाल्यावर काम सुरू झालं आणि साधारण 1520 मध्ये पैसे आणि उमेद दोन्ही संपल्यावर थांबलं. समोरचे दोन उंच मनोरे बघून ते मध्ययुगातले वाटतात, पण त्यांचे निमुळते कळस 1859 ते 1869 या दहा वर्षांत बसवले. उंची 105 मीटर. बाहेर कुठे ना कुठे परांची बांधलेली दिसेल. कथीड्रलची दगडकाम कार्यशाळा कायमस्वरूपी आहे. इथला चुनखडीचा दगड आणि हिरवट वालुकाश्म ऊन-पावसाने झिजत राहतो, आणि पाथरवट एकेक चिरा बदलत राहतात.

आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत दारापाशीच थांबा, मग चौदाव्या शतकातल्या रंगीत काचा उजळू लागतात. मग मध्यभागाच्या दोन खांबांकडे जा. एकावर मेरी आहे आणि समोरच्यावर तिला निरोप सांगायला आलेला देवदूत गाब्रिएल, साधारण 1280 चा. तो चक्क हसतोय, दात दिसतील असा. तेराव्या शतकातल्या देवळात एवढा मोकळा आनंद कोरणाऱ्या शिल्पकाराचं नाव आपल्याला माहीत नाही. एका दुसऱ्या कामावरून अभ्यासक त्याला एर्मिनोल्ड मास्टर म्हणतात. या एका मूर्तीसाठी दहा मिनिटं राखून ठेवा.

गायकवृंदाचं नाव डोमश्पाट्झन, कथीड्रलच्या चिमण्या. बिशप वोल्फगांगने 975 मध्ये काढलेल्या शाळेशी ते आपली परंपरा जोडतं. त्या शाळेत 2022 पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

बाहेर पडल्यावर दक्षिणेच्या बाजूच्या एका खांबावर एक लहान शिल्प आहे: डुकरिणीला बिलगलेली ज्यू माणसं. मध्ययुगात ज्यूंची विटंबना करायला अशी शिल्पं अनेक चर्चवर कोरली गेली. शेजारी खुलासा करणारी पाटी आहे. ते न बघता पुढे जाऊ नका, त्याचा संबंध पाचव्या टप्प्याशी आहे.

तिसरा टप्पा: दगडी पूल

आता पुलाकडे. 1135 चा उन्हाळा असाधारण कोरडा होता आणि डॅन्यूबचं पाणी खूप खाली गेलं होतं. ती संधी साधून नदीच्या पात्रात पाया घातला गेला आणि अकरा वर्षांत, 1146 मध्ये, पूल उभा राहिला. सोळा कमानी, तीनशे मीटरहून जास्त लांबी, सगळं दगडात. पात्रातले खांब वाहून जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाभोवती लाकडी खुंट आणि दगडांची बेटं रचली. त्याने खांब टिकले, पण पाण्याला जायची वाट अरुंद झाली. कठड्यावरून खाली बघा: कमानीखालून पाणी जोरात सुटतं आणि पलीकडे भोवरे धरतं. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होड्यांना इथे दोरांनी ओढून न्यावं लागे. आता मालवाहू जहाजं या वाटेला येतच नाहीत, उत्तरेकडच्या कालव्यातून वळसा घेऊन जातात.

विसाव्या शतकापर्यंत, म्हणजे जवळजवळ आठशे वर्षं, शहरात डॅन्यूबवर दुसरा पूलच नव्हता. व्हेनिसहून आल्प्स ओलांडून येणारा माल, पूर्वेकडून कीव्हच्या वाटेने येणारी कातडी आणि मेण, सगळं याच पुलापाशी जमायचं. 1147 मध्ये जर्मन राजा तिसरा कोनराड आणि 1189 मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा आपापल्या धर्मयुद्धाच्या फौजा घेऊन रेगेन्सबुर्गहूनच निघाले.

पुलावरच्या दगडी चौथऱ्यावर डोळ्यांवर हात धरून कथीड्रलकडे बघणारा एक पोरगा दिसेल, तो ब्रुकमांडल. दंतकथा अशी: पूल बांधणाऱ्याने आणि कथीड्रल बांधणाऱ्याने आधी कोण पुरं करतो याची पैज लावली. पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली आणि पुलावरून जाणारे पहिले जीव त्याला कबूल केले. पूल झाल्यावर त्याने माणसांऐवजी जनावरं पुढे सोडली. गोष्ट झकास आहे, पण कथीड्रलचं काम पूल झाल्यानंतर शतकाहून जास्त काळाने सुरू झालं.

पूल पूर्ण ओलांडा, अर्ध्यातून परतू नका. पलीकडचं श्टाटआमहोफ आज शहराचाच भाग आहे, पण तो 1924 मध्ये जोडला गेला. 1245 पासून रेगेन्सबुर्ग थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे त्या काळच्या जर्मन साम्राज्याच्या, सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र शहर होतं आणि श्टाटआमहोफ बायर्नच्या ड्यूकचं. पूल ओलांडला की राज्य बदलायचं. मे महिन्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी या काठावर डुल्ट नावाची जत्रा भरते: पाळणे, बिअरचे तंबू, भांडीकुंडी. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टची गर्दी नको असेल तर ही गाठा.

परत आल्यावर पुलाच्या तोंडाशी सतराव्या शतकातलं मिठाचं कोठार आहे, झाल्त्सश्टाडल. प्रचंड छप्पर, आत लाकडी तुळया. तिथे जागतिक वारसा केंद्राचं प्रदर्शन आहे आणि प्रवेश मोफत आहे.

जेवण

कोठाराला लागून वुर्स्टकुखल आहे, कोळशावर सॉसेज भाजणारी बुटकी खोली. पुलाच्या बांधकामावरचे मजूर इथे जेवत, अशी परंपरा सांगतात. भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, काही माणसाच्या डोक्यावरून जातील इतक्या उंच. सहा किंवा आठ सॉसेज, सावरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, आणि गोड मोहरी. सॉसेज डुकराच्या मांसाची असतात.

शाकाहारी असाल तर इथे अडून बसू नका. आतल्या गल्ल्यांमध्ये केझेश्पेट्झले, म्हणजे चीज आणि तळलेल्या कांद्यातले अंड्याच्या पिठाचे गोळे, जवळपास सगळीकडे मिळतात. ब्रेत्सन हा वेटोळ्याचा पाव आणि ओबात्स्दा हेही बघा: ओबात्स्दात कामाँबेर चीज, लोणी आणि लाल पेपरिका एकत्र कालवलेलं असतं, भुकेच्या वेळी पुरेसं होतं. सावरक्राउटमध्ये आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा बेकन असतं. मागवताना ‘ओने श्पेक, बिट्टं’, म्हणजे ‘बेकन नको’, असं स्पष्ट सांगा. आणि थोडी रोख रक्कम जवळ असू द्या.

चौथा टप्पा: व्यापाऱ्यांचे मनोरे आणि टाउन हॉल

पुलाने आणलेला पैसा कुठे गेला ते बघायला वाहलेनस्ट्रासेत या. बाराव्या-तेराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांनी उत्तर इटलीत मनोरे पाहिले आणि इथे आपल्या घरांना तसेच जोडले. आपल्याकडच्या सरदारांच्या वाड्यात जसं स्वतःचं देवघर, चौक आणि कोठार, तसं इथेही प्रत्येक मोठ्या घराला खासगी प्रार्थनाघर, अंगण आणि मालाच्या खोल्या असत. मनोऱ्याला संरक्षणाचं काम फारसं नव्हतं, वरचे मजले बरेचदा रिकामेच असायचे. दिसला पाहिजे, एवढ्यासाठी तो. या गल्लीतला सोनेरी मनोरा जवळजवळ पन्नास मीटर उंच आहे. जवळच गोलियाथहाउस आहे, त्याच्या भिंतीवर डेव्हिड आणि गोलियाथचं अवाढव्य चित्र आहे, मूळ 1573 च्या सुमाराचं, नंतर अनेकदा रंगवलेलं.

तिथून टाउन हॉल दोन मिनिटांवर. आधी बघून ठेवलेली फेरी इथेच. पवित्र रोमन साम्राज्याची संसद, राइखश्टाग, पूर्वी गरजेनुसार वेगवेगळ्या शहरांत भरायची. 1663 मध्ये ती तुर्कांच्या आक्रमणाच्या धास्तीने इथे भरली आणि निर्णय होईनात, म्हणून विसर्जितच झाली नाही. ती 1806 मध्ये साम्राज्य संपेपर्यंत चालू होती. राजे स्वतः यायचे बंद झाले आणि त्यांचे वकील इथेच घरं करून राहू लागले. सभागृहात बसण्याच्या जागा दर्जानुसार पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढतात आणि सगळ्यांत उंच सम्राटाचं आसन. तळघरात शहराची छळकोठडी आहे, खरी अवजारं जागच्या जागी. मुलांना बरोबर नेत असाल तर आधी विचार करा.

सम्राटाचे प्रतिनिधी म्हणून 1748 पासून थुर्न उंड टाक्सिस घराणं इथे आलं. युरोपच्या मोठ्या भागातली टपालसेवा त्यांची होती. बायर्नने टपाल स्वतःकडे घेतलं तेव्हा भरपाई म्हणून 1812 मध्ये त्यांना सेंट एमेराम हा जुना मठ मिळाला आणि त्याचा राजवाडा झाला. वाडा पाहण्याचं तिकीट महाग आहे. पैसे वाचवायचे असतील तर शेजारचं एमेराम चर्च बघा, त्याचं बारोक अंतरंग आसाम बंधूंनी सजवलंय.

विज्ञानाची आवड असेल तर केपलरस्ट्रासे चुकवू नका. योहानेस केपलर 1630 च्या नोव्हेंबरमध्ये थकलेल्या पगाराची मागणी करायला घोड्यावरून इथे आला. सम्राटाची सभा इथे भरली होती. तापाने आजारी पडला आणि 15 नोव्हेंबरला गेला. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे जगाला सांगणाऱ्या माणसाची कबरसुद्धा उरली नाही. तीस वर्षांच्या युद्धात ते कबरस्तानच नष्ट झालं. ज्या घरात तो गेला तिथे संग्रहालय आहे.

पाचवा टप्पा: नॉयफारप्लाट्झ

हा चौक मोकळा आणि गजबजलेला आहे. त्याचं मोकळेपण कुठून आलं ते आधी समजून घ्या. चौदाव्या शतकापासून व्यापार न्युरेंबर्ग आणि आउग्सबुर्गकडे सरकला आणि रेगेन्सबुर्ग कर्जात बुडालं. इतकं, की 1486 मध्ये शहर स्वतःहून बायर्नच्या ड्यूकच्या स्वाधीन झालं आणि सम्राटाने ते काही वर्षांत परत घेतलं. या हलाखीचं खापर ज्यू समाजावर फोडण्यात आलं. जर्मनीतल्या सर्वांत जुन्या ज्यू वस्त्यांपैकी एक इथे, याच जागी होती. सम्राट माक्सिमिलियनचं संरक्षण होतं तोवर शहराला काही करता आलं नाही. तो जानेवारी 1519 मध्ये वारला आणि पुढच्याच महिन्यात नगरपालिकेने ज्यूंना हाकलून दिलं, त्यांचं प्रार्थनास्थळ असलेलं सिनेगॉग पाडलं, कबरस्तान उखडलं. कबरींचे दगड बांधकामात वापरले. काही आजही जुन्या घरांच्या भिंतींत दिसतात.

नगरपालिकेच्या सभासदांत चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडोर्फर होता. पाडण्याआधी त्याने त्या सिनेगॉगची दोन चित्रं धातूच्या पत्र्यावर कोरली. ती वास्तू कशी होती हे आज आपल्याला ज्याच्यामुळे कळतं, तो हाकलणाऱ्यांपैकीच एक होता.

1995 पासूनच्या उत्खननात घरांची तळघरं, सिनेगॉगचे पाये आणि 624 सोन्याच्या नाण्यांचा ठेवा सापडला. आता सिनेगॉगच्या जागेवर दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने 2005 मध्ये केलेला पांढऱ्या काँक्रीटचा आराखडा आहे. भिंती जिथे होत्या तिथे बसण्याच्या उंचीचे ओटे आहेत, खांबांच्या जागी गोल बैठका. पोरं त्यावर उड्या मारतात, लोक आइसक्रीम खात बसतात, आणि ते तसंच अपेक्षित आहे. आताचं सिनेगॉग थोड्याच अंतरावर आहे. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये जाळलेल्या सिनेगॉगच्या जागी ते 2019 मध्ये उघडलं.

परतीच्या वाटेवर

हे शहर टिकलं कसं, याचं अर्धं उत्तर वरच्या कर्जात आहे. पैसा नसल्याने जुनं पाडून नवं बांधणं कोणाला परवडलं नाही. उरलेलं अर्धं दुसऱ्या महायुद्धात. ऑगस्ट 1943 मध्ये अमेरिकन विमानांनी पश्चिमेकडच्या मेसरश्मिट विमान कारखान्यावर बाँब टाकले. जुन्या गावाचं नुकसान म्युनिक किंवा न्युरेंबर्गच्या मानाने थोडं झालं. एप्रिल 1945 मध्ये मात्र सगळंच जायची वेळ आली होती. 23 एप्रिलला जर्मन सैन्यानेच दगडी पुलाच्या कमानी उडवल्या. त्याच संध्याकाळी शहर न लढता अमेरिकनांच्या स्वाधीन करा, अशी मागणी करत लोक जमले, त्यांत बायका-मुलं बरीच होती. कथीड्रलचे धर्मोपदेशक योहान मायर त्यांच्या बाजूने बोलायला पुढे झाले. त्यांना पकडलं, रात्रीतच खटला चालवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकात फाशी दिली. तीन दिवसांनी, 27 एप्रिलला, शहर न लढताच अमेरिकनांच्या ताब्यात गेलं. तो चौक म्हणजे सकाळी पार्किंगमधली भिंत पाहिलीत तो दाखाउप्लाट्झ. स्टेशनकडे जाताना तिथल्या स्मारकापाशी थांबून जा.

आणखी एक दिवस असेल तर

डोनाउश्टाउफला वालहाला बघा. शहरापासून नदीच्या प्रवाहाच्या दिशेने दहाएक किलोमीटरवर, बायर्नचा राजा पहिला लुडविग याने टेकडीवर पार्थेनॉनच्या धर्तीवर बांधलेलं संगमरवरी सभागृह, 1842 मध्ये उघडलेलं. आत जर्मन भाषक थोरांचे अर्धपुतळे आहेत. माझ्या मते पुतळ्यांपेक्षा साडेतीनशेहून अधिक पायऱ्यांवरून दिसणारं डॅन्यूबचं पात्र जास्त मोलाचं आहे. उन्हाळ्यात दगडी पुलाजवळून बोट जाते, एरवी बस. बोटीने जाऊन बसने परतलात तर वेळ वाचतो.

उलट्या दिशेला, केलहाइमपासून वेल्टनबुर्ग मठापर्यंतची बोट उंच चुनखडीच्या कड्यांमधून जाते. मठात ब्रुअरी आहे. पूर आला किंवा पाणी फार कमी झालं की दोन्हीकडच्या बोटी बंद ठेवतात आणि थंडीत त्या नसतातच. निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक तपासा.